एकाच मिनिटात दोन औषधं

आवाज आधी आला, हालचाल नंतर दिसली. काचेच्या बांगड्या हाताखालच्या फळीवर आपटल्याचा आवाज. ऑपरेशन थिएटरमध्ये तो इतका परका होता, की मी आधी मॉनिटरकडेच पाहिलं, हा कुठला नवा अलार्म म्हणून.

साल २०११. एका सरकारी रुग्णालयात मी एमडीच्या पहिल्या वर्षाला होते, भूलशास्त्र विभागात. टेबलावरच्या आजी ६६ वर्षांच्या, वजन ५५ किलो, डाव्या स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन टाळण्यासारखं नव्हतं आणि हृदय कमजोर होतं. टू-डी एकोत इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के, म्हणजे दर ठोक्याला बाहेर पडायला हवं त्याच्या जेमतेम निम्मं रक्त बाहेर पडत होतं. अशा माणसाला प्रोपोफॉल, म्हणजे झोपवायचं रोजचं औषध, नेहमीच्या हाताने दिलं तर बीपी धाडकन खाली येतं आणि मग ते वर आणता आणता आपलं वर चढतं. म्हणून एटोमिडेट ठरलं होतं.

एटोमिडेट हे जुनं औषध. बेल्जियममध्ये यान्सेनच्या प्रयोगशाळेत १९६४ साली तयार झालं, १९७२ पासून माणसांना भूल द्यायला वापरात आलं. रक्तदाबाला आणि हृदयाच्या ठोक्यांना ते फारसं हात लावत नाही, हा त्याचा मोठा गुण. अवगुणही आहेत. मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं कॉर्टिसोल बनवण्याचं काम ते काही तास अडवून धरतं. १९८३ च्या सुमारास हे लक्षात आल्यावर आयसीयूत दिवसेंदिवस ठिबकत ठेवायची पद्धत बंद झाली आणि झोपवण्यापुरता एकच डोस एवढंच त्याचं काम उरलं. दुसरा अवगुण मायोक्लोनस. आधी काहीच औषध दिलेलं नसेल तर निम्म्याहून जास्त पेशंटमध्ये झोप लागता लागता हातपाय उडतात. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. ‘क्षणिक, निरुपद्रवी’ असे शब्द होते आणि मी ते तसेच पाठ केले होते.

आजींनी बांगड्या काढायला साफ नकार दिला होता. शेवटी डाव्या हातातल्या सिस्टरांनी साबण लावून उतरवल्या, उजव्या हातात दोन हिरव्या राहू दिल्या आणि वर गॉझ गुंडाळून चिकटपट्टी मारली. त्याच हाताच्या पाठीवर मी सुई लावली. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सलाईन लावायचं नसतं, त्यामुळे माझ्याकडे तो एकच हात होता.

तयारी चोख होती. सिरिंजांवर लेबलं, ट्रेमध्ये ओळीने मांडणी. मिडाझोलाम, म्हणजे गुंगी आणणारं औषध, मात्र मी भरूनही बाजूला ठेवलं. हृदय नाजूक आहे, जितकी कमी औषधं तितकं बरं, असा माझा हिशेब. तोंडावर मास्क धरून तीन मिनिटं ऑक्सिजन दिला, फेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक दिलं आणि पाठोपाठ एटोमिडेटची सिरिंज लावली. २० मिलिग्रॅमची अँप्यूल १० मिलीची, त्यातले ८ मिली. सर्जन हात धुऊन दारात उभे होते. मी पटकन ढकललं.

“जळतंय गं बाई हातात,” आजी म्हणाल्या. मग पापण्या मिटल्या. मी पापणीच्या केसांवरून बोट फिरवलं, हालचाल नाही. झोपल्या.

आणि बांगड्या वाजल्या.

उजवा हात खांद्यापासून उडत होता. आकडीत असते तशी ठरावीक लय त्यात नव्हती. एकदा खांदा, मग दोन्ही पावलं, मग पुन्हा मनगट, मध्येच मानेला झटका. कुणीतरी झोपेत डास मारतंय असं वाटावं, पण जोर चांगलाच. मॉनिटरवरचा ईसीजी म्हणजे लहान मुलाने पेन्सिल घासल्यासारखा झाला. बोटावरची क्लिप निसटली, ऑक्सिजनचा आकडा गेला. बीपीचा पट्टा फुगायचा, मोजता न आल्यामुळे सुटायचा, परत फुगायचा. नेमकं हृदय कमजोर असलेल्या पेशंटचं हृदय काय करतंय, हे सांगणारं एकही यंत्र त्या घडीला बोलत नव्हतं.

“फिट आली का?” दारातून सर्जन. थिएटरचे मामा धावत आले आणि त्यांनी चांगल्या मनाने तो हात दोन्ही हातांनी फळीवर दाबून धरला. पुढच्या झटक्याला हात त्यांच्या पकडीतून पिळून सुटला. काच पिचल्याचा बारीक आवाज झाला. चिकटपट्टी लोंबत होती, सुई बाहेर आली होती, सलाईन जमिनीवर ठिबकत होतं. माझ्या हातात स्नायू शिथिल करायच्या व्हेक्युरोनियमची सिरिंज, आणि ते द्यायला शीरच नाही.

आमच्या मॅडम शेजारच्या थिएटरमधून आल्या. आवाज चढवला नाही. “मामा, हात सोडा. तू मास्क सोडू नकोस. श्वास देत राहा.” एटोमिडेटची झोप चार-पाच मिनिटांचीच, म्हणून त्यांनी सेव्होफ्लुरेन, म्हणजे श्वासातून द्यायची भूल, अगदी थोडं उघडलं आणि खाली वाकून आजींच्या घोट्यापुढची शीर धरली. पहिल्याच टोचणीत सुई आत गेली. तोवर झटके आपोआप थांबले होते. सगळं मिळून दीड मिनिट असेल. बीपी आलं, १०० वर ६०. ऑक्सिजन ९८. व्हेक्युरोनियम गेलं, श्वासनळीत नळी बसली, ऑपरेशन झालं. आजींच्या मनगटावर एक ओरखडा, आणि हिरव्या काचेचा एक तुकडा गॉझमध्ये अडकलेला.

दुपारी चहाच्या वेळी मॅडमनी भूलीचा कागद मागितला. मला वाटलं, मिडाझोलाम का नाही दिलं म्हणून झाडतील. त्यांनी विचारलं ते वेगळंच. “फेंटॅनिल किती वाजता?”

“नऊ बेचाळीस.”

“एटोमिडेट?”

मी कागदाकडे पाहिलं. नऊ बेचाळीस.

त्यांनी त्या दोन आकड्यांखाली पेनने एकच रेघ मारली. शिरेतून दिलेल्या फेंटॅनिलचा पूर्ण परिणाम यायला तीनेक मिनिटं तरी लागतात, हे मला परीक्षेत कुणी विचारलं असतं तर झोपेतही सांगता आलं असतं. म्हणजे मी दिलेलं फेंटॅनिल मेंदूवर नीट पोचलं, ते बांगड्या वाजून थांबल्यानंतर. औषध बरोबर, डोस बरोबर, क्रमही बरोबर. कागदावर कुणालाही चूक सापडली नसती, तेवढी एक रेघ सोडून.

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या वरच्या थराचं एक काम खालच्या केंद्रांना दाबात ठेवण्याचं असतं. एटोमिडेट मेंदूतल्या गाबा या शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतं, पण सगळ्या भागांना एकाच वेळी झोपवत नाही. “वर्गात मास्तरांनाच आधी डुलकी लागली, तर पोरं काय करतात?” मॅडम म्हणाल्या. पोरांनाही झोप येतेच, पण मधल्या वेळात दंगा होतो. सगळं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही, तरी हा दंगा बहुतेक वेळा आकडीचा नसतो, मेंदूच्या आलेखात आकडीच्या लाटा सहसा दिसत नाहीत, एवढं नक्की. आता उपाय दोन. एक तर पोरांना आधीच थोडी पेंग आणायची, नाहीतर मास्तरांना इतकं हळू झोपवायचं की सगळा वर्ग बरोबर झोपेल. दोन्हीला वेळ लागतो. इथे ‘पटकन’ला जागा नाही.

संध्याकाळी वॉर्डात गेले. आजी बसल्या होत्या, चेहरा बरा होता. हात दुखतो का म्हणून विचारणार, तेवढ्यात त्यांनीच मनगट पुढे केलं. “बाई, एक बांगडी कुटं गेली?”

मी सांगितलं. झोपेचं औषध जाताना हात जोरात उडाला, माझ्याकडून ते औषध घाईने गेलं, बांगडी पिचली.

“पिचली न्हाई म्हनायचं. वाढली म्हनायचं,” आजींनी मला दटावलं. औषधाचा मुद्दा त्यांच्या दृष्टीने तिथेच संपला. नवरा बाहेर व्हरांड्यात बसला होता, त्याला काही सांगायचं नाही अशी मला ताकीद मिळाली. दुसऱ्या दिवशी सून येऊन नवी बांगडी भरून गेली.

पुढच्या आठवड्यात तसाच पेशंट आला. कमजोर हृदय, एटोमिडेट. या वेळी मॅडमनी स्वतः दिलं आणि मला फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला उभं केलं. ऑक्सिजन चालू करता करताच फेंटॅनिल, तेही ५० मायक्रोग्रॅम, सावकाश. दोन मिनिटांनी मिडाझोलाम, फक्त एक मिलिग्रॅम. इतक्या कमी डोसचं हृदयाला ओझं होत नाही. पण दिल्या दिल्या पुढचं औषध ढकललं तर त्या एका मिलिग्रॅमचाही उपयोग नाही, दीड-दोन मिनिटं थांबावंच लागतं. मग एटोमिडेटच्या सिरिंजमधला फक्त पहिला एक मिली, म्हणजे दोन मिलिग्रॅम. “हे कशाला?” मी विचारलं. “पोरांना पेंग,” त्या म्हणाल्या. त्याच औषधाचा चिमूटभर डोस आधी देऊन मिनिटभर थांबलं तर मोठ्या डोसला झटके कमी येतात. उरलेलं औषध त्यांनी जवळजवळ मिनिटभर लावून दिलं. अंगठा दट्ट्यावर, पण दट्ट्या हलताना दिसू नये इतका हळू. पेशंटच्या भुवईचा कोपरा एकदा थरथरला. बाकी काही नाही.

या कामाला इतरही औषधं चालतात. शिरेतून लिग्नोकेन, मॅग्नेशियम सल्फेट, दहा मिनिटं ठिबकत दिलेलं डेक्समेडिटोमिडिन. मी पुढे सगळी वापरून पाहिली. मॅग्नेशियम देताना पेशंटला अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटतं, डेक्समेडिटोमिडिनने नाडी मंदावते, कमजोर हृदयात ते बघूनच द्यावं लागतं. एटोमिडेट चरबीच्या दुधी द्रावात आलं तर शिरेतली जळजळ जाते, त्याने झटकेही जातात असा गैरसमज मी बरेच दिवस बाळगून होते, पण ते जात नाहीत. माझा हात शेवटी फेंटॅनिल आणि थोड्या मिडाझोलामवरच बसला.

स्कोलिनची गोष्ट निराळी. तिथे दंगा मेंदूत नसून थेट स्नायूत असतो. स्कोलिन म्हणजे सक्सामेथोनियम, १९५१ च्या सुमारास वापरात आलेलं, एका मिनिटात सगळे स्नायू ढिले करणारं आणि दहा मिनिटांच्या आत उतरणारं. पण ढिला करण्याआधी ते प्रत्येक स्नायूला एकदा जागं करतं. आधी पापण्या आणि जबडा फडफडतात, मग मान, छाती, पोट आणि शेवटी पोटऱ्या आणि पायाची बोटं. कातडीखालून मुंग्यांची रांग गेल्यासारखी लाट वरून खाली उतरते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार गंमत वाटते. मलाही वाटली होती.

गंमत संपली ती एका २८ वर्षांच्या बाईमुळे. मूल होत नाही म्हणून दुर्बिणीतून तपासणी, अर्ध्या तासाचं काम, संध्याकाळी घरी. तिसऱ्या दिवशी ती मान धरून ओपीडीत आली. मान, बरगड्या, पोटऱ्या, सगळं कुणीतरी बडवून काढल्यासारखं दुखत होतं. सोबत सासू. “एवढ्याशा भोकाचं एवढं?” हा तिचा प्रश्न सुनेला होता, मला नव्हता. पोटावरची जखम छान होती. हे दुखणं माझ्या औषधाचं होतं. स्कोलिननंतरची अंगदुखी दुसऱ्या दिवसापासून चढते आणि लगेच उठून हिंडू-फिरू लागलेल्या तरुण माणसांत, त्यातही बायकांत, जास्त असते. मी सासूबाईंना बसवून हे सगळं समजावलं. सुनेचं नाटक नाही, एवढं तरी त्यांनी मान्य केलं.

ही फडफड टाळायची जुनी युक्ती म्हणजे तीन मिनिटं आधी व्हेक्युरोनियमचा चिमूटभर डोस. ४ मिलिग्रॅमची पूड ४ मिलीत विरघळवली की अर्धा मिली. स्नायूवरची दारं आधीच थोडी लावून घ्यायची, मग स्कोलिनला एकदम आत घुसता येत नाही. त्यासाठी स्कोलिन मात्र थोडं वाढवावं लागतं, किलोला एकऐवजी दीड मिलिग्रॅम. फडफड खरंच जाते. अंगदुखी दर वेळी जाते असं नाही, कारण फडफड जितकी जास्त तितकं दुखणं जास्त, असा सरळ हिशेब त्यात नसतो.

आणि इथेही तीन मिनिटं. फक्त या तीन मिनिटांत पेशंट जागा असतो. एका शाळामास्तरांना, चांगल्या तालमीच्या अंगाच्या माणसाला, मी अर्धा मिलिग्रॅम दिला आणि पुढच्या सिरिंजा मांडायला वळले. “मॅडम, घड्याळं दोन दिसतायत,” ते म्हणाले. मग, “पापणी उचलत नाही.” मग बोलणं जड झालं आणि त्यांनी माझा गाऊन धरला. काही जणांना तेवढ्याशा डोसनेही असं होतं, आणि शुद्धीत असताना होतं. मी मास्क लावला, कानाशी बोलत राहिले, त्यांना लगेच झोपवलं. त्यांना पुढचं आठवत नव्हतं, गाऊन धरल्याचं आठवत होतं. त्यानंतर ही युक्ती मी जवळजवळ सोडून दिली. आता स्कोलिन द्यायचंच असेल तर आधी लिग्नोकेन देते, चालत असेल तर वेदनाशामक आधीच देऊन ठेवते, आणि पुष्कळदा स्कोलिनऐवजी रोक्युरोनियमच वापरते. त्यात फडफड मुळी नाहीच.

पण हीच फडफड मी एका ठिकाणी डोळ्यांत तेल घालून पाहिली आहे. मनोविकार विभागात शॉक ट्रीटमेंटच्या, म्हणजे ईसीटीच्या टेबलावर. १९३८ साली रोममध्ये ही पद्धत सुरू झाली तेव्हा भूल नव्हती, स्नायू शिथिल करणारं औषध नव्हतं, आणि झटक्याने मणके मोडायचे. शस्त्रक्रियेत कुरारे हे स्नायू ढिले करणारं औषध वापरलं गेलं १९४२ मध्ये मॉन्ट्रियलला, पण त्याआधीच, १९४० मध्ये, अमेरिकेत बेनेट नावाच्या डॉक्टरांनी औषधाने आकडी आणायच्या अशाच उपचारात हाडं वाचवायला कुरारे वापरलं होतं. आपल्याकडे आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे भूल आणि स्नायूशिथिलक दिल्याशिवाय ईसीटी देताच येत नाही.

तिथे मी पायथ्याशी उभी राहायचे, पेशंटच्या उघड्या पावलांकडे बघत. एका घोट्याच्या वर बीपीचा पट्टा स्कोलिनच्या आधीच फुगवलेला, म्हणजे त्या पावलात औषध पोचणार नाही आणि आकडी आलेली तिथे दिसेल. दुसऱ्या पावलाची बोटं फडफडून थांबली, की लाट शेवटपर्यंत पोचली. मग मी मान हलवायची आणि मगच मनोविकारवाले सर बटण दाबायचे. सगळं अंग शांत, आणि ते एकटं पाऊल तालात हलतंय. मी घड्याळात सेकंद मोजतेय.

आता मी तालुक्याच्या गावी आहे. चार नर्सिंग होम, गाडीच्या डिकीत माझी पेटी. इथे सिनियर कुणी नसतात, आणि सर्जनची घाई सरकारी रुग्णालयापेक्षा जास्त असते. “मॅडम, झोपल्या का?” हे मी दिवसातून दहा वेळा ऐकते. सर्जन मंडळींचं घड्याळ आमच्या वेळी भराभर पळतं, आणि शेवटचे टाके घालताना ‘पाच मिनिटं’ म्हणाले की तेच घड्याळ बंद पडतं. सुरुवातीला मी उत्तर द्यायची, वाद व्हायचे. आता मी फेंटॅनिल दिल्यावर मोठ्याने वेळ म्हणते, “अकरा वाजून सात,” आणि सिस्टर ती लिहितात. लिहिलेल्या वेळेशी कुणी भांडत नाही. एटोमिडेट ठरलेलं असेल तर दोन गोष्टी आणखी करते. सुई कोपराच्या खाली, सांध्यापासून दूर लावते. आणि हात फळीला रुंद पट्टीने सैल बांधते, दाबून धरायला कुणाला सांगत नाही. डोळा फुटलेला पेशंट असेल तर जास्तच जपते, कारण तिथे एक झटकाही डोळ्याच्या आतला दाब वाढवतो.

परवा एक काकू होत्या, ७१ वर्षांच्या, हृदयाची झडप अरुंद, मांडीच्या हर्नियाची केस. सगळं केलं. फेंटॅनिल, थांबणं, एक मिलिग्रॅम, थांबणं, पहिला मिली, थांबणं. या मधल्या वेळात त्या मला त्यांच्या सुनेच्या हातच्या सांज्याच्या पोळ्या कशा फुटतात ते सांगत होत्या. मग उरलेलं, हळू. पापण्या मिटल्या. हातपाय शांत. मी मास्क धरला तेव्हा त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा दोनदा उडाला, टिचकी मारल्यासारखा, आणि थांबला.

“हललं का काही?” सर्जननी विचारलं.

“हो,” मी म्हटलं, आणि सिस्टरना लिहायला सांगितलं. अकरा चौदा, डावा अंगठा, दोनदा.